घोडीच्या जखमेवर मध: आधी धुणं, मग बरणी

विदर्भातल्या खेड्यांत घोडं आता ओझ्याचं कमी आणि वरातीचं जास्त उरलंय. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत घोडी गावोगाव फिरते, टेम्पोत चढते-उतरते, डीजेला बुजते, आणि मुहूर्त नसले की गावाबाहेरच्या पडीत चरते. मोठ्या जखमा बहुतेक त्या पडीतच होतात. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकात शिरू नयेत म्हणून धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधांवर, आता तार आहे. बैलाला तार टोचली की तो बहुधा थबकतो. घोडं मात्र घाबरून जोर लावतं, आणि पाय अडकलेला असेल तर नळीवरची कातडी मोज्यासारखी खाली सोलली जाते.

मग गावातले उपाय सुरू होतात. कुणी हळद भरतं, कुणी चुना-तंबाखू, कुणी रॉकेल, तर कुणी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. ‘‘हळद भर अन् दे सोडून भाऊ, आपोआप भरते थे,’’ हा सल्ला तर ठरलेलाच. या सगळ्यांत मध वेगळा आहे, कारण तो खरोखर काम करतो. सुश्रुतसंहितेत व्रणावर मध आणि तूप सांगितलंय, ते आपल्याला ऐकून माहीत असतं. पण अलीकडे थेट घोड्यांवरही अभ्यास झाले आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात पायाच्या जखमांवर मनुका मध वापरून पाहिला, तेव्हा त्या जखमा सुरुवातीच्या दिवसांत कमी फाकल्या. इस्रायलमध्ये टाके घालण्याआधी जखमेत निर्जंतुक मध भरला, त्या घोड्यांत पुढे संसर्ग कमी दिसला.

मात्र तिथे मध लागला तो कातरलेल्या, धुतलेल्या, डॉक्टरनं नीट तपासलेल्या जखमेवर. आपल्याकडे नेमकं तेवढंच सुटतं आणि बरणी आधी उघडली जाते. या लेखात ती बऱ्याच उशिरा उघडेल.

पाय म्हणजे पाठ नव्हे

घोड्याच्या पाठीवर किंवा छातीवर मोठी जखम झाली तर ती भयंकर दिसते, पण बऱ्याचदा मुकाट भरून येते. खाली मांस असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो, कातडी सैल असते. पुढच्या पायाचा गुडघा आणि मागच्या पायाचा मोठा सांधा यांच्या खाली हिशेब उलटा आहे. तिथे मांस जवळजवळ नाहीच. हाड, शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या) आणि ताणून बसवलेली कातडी, बस्स. त्यात पाय सतत हलतो आणि शेण-मुताच्या अगदी जवळ असतो. नवी कातडी कडेकडून आत सरकत येते, तिचा वेग अंगावर दिवसाला सुमारे ०.२ मिलिमीटर असेल तर पायावर त्याच्या निम्मा. म्हणजे चार बोटं रुंदीची पायाची जखम काही आठवड्यांची नाही, महिन्यांची गोष्ट आहे. हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तो पंधराव्या दिवशी मध सोडून मोरचूद लावायला घेतो.

घोड्याच्या पायाला आणखी एक खोड आहे. जखमेत भरून येणारं लाल मांस कातडीच्या पातळीला थांबत नाही, वर फुगत जातं. बैलाच्या पायात हे इतकं होत नाही, म्हणून बैलांत मुरलेल्या माणसाचा अंदाज घोड्याच्या बाबतीत चुकतो. त्याबद्दल पुढे येईलच.

ही जखम तुमच्या हातची आहे का?

रक्त वाहत असेल तर आधी ते थांबवा. स्वच्छ सुती कपड्याची जाड घडी जखमेवर दाबा आणि दहा-पंधरा मिनिटं दाबूनच धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका. कपडा भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवा, पहिला काढू नका. घोड्याच्या अंगात वजनाच्या साधारण ८ टक्के रक्त असतं. ३०० किलोच्या घोडीत ते २४ लिटरच्या आसपास भरतं, त्यामुळे जमिनीवर तांब्याभर रक्त दिसलं म्हणून धीर सोडायचं कारण नाही. मात्र लालभडक रक्त चिळकांड्या मारत येत असेल तर दाबपट्टी बांधा आणि डॉक्टरला फोन लावा.

आता जखम नीट बघा. पुढचं काही दिसलं तर ती तुमच्या हातची नाही. सांध्यावर किंवा सांध्याच्या आसपास भोक आहे, मग ते कितीही बारीक असो. जखमेतून पिवळसर, बोटाला तार धरणारं पाणी येतंय. पांढरी शीर किंवा हाड उघडं पडलंय. घोडी तो पाय टेकतच नाही. खिळा किंवा लाकडाचा तुकडा खोल घुसलाय. जखम डोळ्याजवळ, पोटावर किंवा छातीत आरपार आहे. कुत्रं चावलंय. कुत्र्याच्या चाव्याला साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुणं, ते करताना हातात मोजे आणि पिसाळ रोगाच्या लसीसाठी डॉक्टर, एवढंच. तिथे मधही नको आणि घट्ट पट्टीही नको.

पिवळ्या, तार धरणाऱ्या पाण्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण मध इथेच घात करतो. ते पाणी म्हणजे सांध्यातलं किंवा शिरेच्या आवरणातलं वंगण. ते दिसलं तर सांधा उघडला असं धरायचं, आणि उघड्या सांध्यात जंतू बसले तर घोडी कायमची लंगडी होते, कधी जगतही नाही. जखमेवर एकदा मध लागला की दुसऱ्या दिवशी तिथून येणारा स्राव तसाच पिवळसर आणि चिकट दिसतो. मग मध कोणता आणि सांध्याचं पाणी कोणतं, हे जाणत्या डॉक्टरलाही कळणं अवघड. म्हणून सांध्याच्या शेजारची जखम डॉक्टरनं पाहिल्याशिवाय तिच्यावर काहीच लावायचं नाही. मध नाही, मलम नाही, हळद तर नाहीच.

टाके पडतील अशी ताजी, स्वच्छ कापलेली जखम असेल तर पहिले सहा-आठ तास मोलाचे. तीत काही भरू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलेली जाळीपट्टी (गॉज) ठेवा, वरून पट्टी बांधा आणि डॉक्टरची वाट बघा. गावात पशुवैद्यकीय दवाखाना असेल तर उत्तमच, नाहीतर फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करा. मोठी शस्त्रक्रिया लागेल असं डॉक्टरनं सांगितलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था, या दोन जागा लक्षात असू द्या.

धनुर्वात

सगळ्या पाळीव जनावरांत धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडतं ते घोडं. त्याचे जंतू घोड्याच्याच लिदीत असतात, तबेल्याच्या मातीत असतात. मध कितीही चांगला असला तरी तो या जंतूचं विष थांबवत नाही. लस मागच्या सहा महिन्यांत झालेली नसेल तर जखमेच्या दिवशी डॉक्टरला सांगून पुन्हा द्यायची. आयुष्यात कधीच दिलेली नसेल तर लसीबरोबर तयार प्रतिविषही लागतं, आणि लसीचा दुसरा डोस चार ते सहा आठवड्यांनी. पुढे दरवर्षी एक.

जखम बाहेरून भरत आलेली असताना एक ते तीन आठवड्यांत घोडी ताठर चालायला लागली, कान टवकारलेले राहिले, शेपूट उचललेली राहिली, जबडा उघडेना आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातलं पांढरं पातळ कातडं बुबुळावर सरकायला लागलं, तर तो धनुर्वातच. अशा घोडीला अंधाऱ्या, शांत जागी बांधा आणि लगोलग डॉक्टरला बोलवा.

मध कोणता?

मध काम कसं करतो हे कळलं की कोणता घ्यायचा हे आपोआप ठरतं. मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखर आणि १७ ते २० टक्के पाणी. इतकी दाट साखर जंतूच्या अंगातलं पाणी ओढून घेते आणि जखमेतला स्रावही बाहेर खेचते, त्यामुळे सूज उतरते. मध आंबट असतो. त्याचा सामू (pH) साधारण ३.२ ते ४.५ इतका. शिवाय मधमाशीनं त्यात सोडलेलं एक पाचक द्रव्य असतं. जखमेच्या ओलाव्यानं मध पातळ झाला की ते जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. बाटलीतलं पेरॉक्साइड ओतलं तर नवं मांसही भाजतं. मधातलं मात्र इतकं हळू तयार होतं की जंतू मरतात आणि मांसाला फारसा त्रास होत नाही. न्यूझीलंडच्या मनुका मधात या पेरॉक्साइडखेरीज मिथाइलग्लायॉक्सल नावाचं आणखी एक जंतुनाशक असतं, म्हणून त्याचा एवढा गवगवा.

हे पाचक द्रव्य उष्णतेनं मरतं. दुकानातला चकचकीत, वर्षभर दाणा न धरणारा मध बहुधा तापवून गाळलेला असतो. शिवाय त्यात मध किती आणि साखरेचा पाक किती, हा प्रश्न वेगळाच. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेनं नावाजलेल्या ब्रँडांच्या मधाची तपासणी करून घेतली होती, तेव्हा बऱ्याच नमुन्यांत पाकाची भेसळ निघाली. काडीला मध लावून पेटवणं, पाण्याच्या ग्लासात थेंब सोडणं, कुत्रं मध चाटतं का बघणं, असल्या घरगुती परीक्षांनी ती भेसळ पकडता येत नाही.

मग मेळघाटातला जंगली मध? खायला त्याच्यासारखा दुसरा नाही. चिखलदऱ्याजवळचं आमझरी तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. पण जखमेसाठी तो जसाच्या तसा घेताना दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे आग्या मोहोळाचा मध पातळ असतो, त्यात पाणी जास्त. पोळं अर्धवट असताना काढून हातानं पिळलेलं असेल तर त्यात अळ्यांचा रस, पराग आणि मेणाचा गाळही येतो. बरणीत वर फेस आला आणि वास आंबूस झाला की तो मध जखमेसाठी बाद. दुसरी अडचण मोठी आहे. कच्च्या मधात बोटुलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि घोडं त्या विषालाही फार नाजूक. उघड्या, उथळ जखमेत ते बीजाणू सहसा वाढत नाहीत. खोल, अरुंद, हवा न लागणाऱ्या भोकात वाढू शकतात. म्हणून भोसकलेल्या जखमेत खायचा मध ओतायचा नाही, मग तो कितीही शुद्ध असो.

सगळ्यांत सुरक्षित म्हणजे जखमेसाठीच बनवलेला, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध. किरणांनी बीजाणू मरतात आणि पाचक द्रव्य बऱ्यापैकी टिकतं. आचेवर नेमकं उलटं होतं. असा मध माणसांच्या जखमांसाठी ट्यूबमध्ये किंवा तयार पट्टीच्या रूपात मिळतो. गावच्या मेडिकलमध्ये सापडणार नाही. नागपूर-अमरावतीच्या औषध बाजारातून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो आणि स्वस्त नाही. पायाच्या, आठवडाभर तरी पट्टीखाली राहणाऱ्या जखमेला माझ्या मते तोच घ्यावा. वरातीची एक सुपारी बुडते त्यापुढे ट्यूबचा खर्च काहीच नाही. कातडीपुरत्या खरचटलेल्या, उघड्या जखमेवर ओळखीच्या माणसाकडून घेतलेला, पेटीतल्या सातेरी मधमाश्यांचा, यंत्रानं काढलेला, न तापवलेला दाट मध डॉक्टरला विचारून चालेल.

जखमेची बरणी वेगळी ठेवा. त्यात बोट किंवा वापरलेला चमचा जाऊ द्यायचा नाही. लागेल तेवढा स्वच्छ वाटीत काढून घ्या आणि उरलेला परत ओतू नका. मधानं दाणा धरला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, हाताला सहज सोसेल एवढ्याच. गॅसवर नाही आणि मे महिन्यात पत्र्यावर उन्हात तर नाहीच. फ्रिजमध्ये ठेवला तर उलट दाणा लवकर धरतो. घरातला थंड, अंधारा कोपरा पुरे.

धरणं, कातरणं, धुणं

दोन माणसं हवीत. एक डोक्याशी, दुसरा जखमेशी, आणि दोघंही घोडीच्या एकाच बाजूला. म्हणजे ती बिथरली तर डोकं धरणारा तिचं तोंड आपल्याकडे वळवतो आणि मागचं धूड तुमच्यापासून दूर जातं. खुंट्याला घट्ट बांधून काम करू नका. घाबरलेलं घोडं दोरीवर मागे झोकून देतं. पायाशी काम करताना गुडघे टेकून बसायचं नाही, उकिडवं बसायचं. फारच नाचत असेल तर डॉक्टरकडून गुंगीचं इंजेक्शन. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. डायक्लोफेनॅक तर गिधाडांच्या ऱ्हासामुळे जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे.

जखमेभोवतीचे केस दोन-तीन बोटं रुंदीचे कातरायचे. कातरण्याआधी जखमेत मिठाच्या पाण्यानं भिजवलेली जाळीपट्टी भरून ठेवा आणि कडेचे केस ओले करा, म्हणजे तुटलेले केस आत पडत नाहीत. आत राहिलेला एक केस महिनाभर पू धरून ठेवू शकतो.

आता धुणं, आणि इथे घाई नको. आधी नळाच्या किंवा बोअरच्या स्वच्छ पाण्याची बारीक धार पाच-दहा मिनिटं सोडा. धार जखमेच्या वरून सुरू करा आणि हळूहळू खाली आणा, घोडी सरावते. चिखल गेला की मिठाचं पाणी घ्या. एक लिटर पाणी खळखळ उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड ते पावणेदोन चमचे, टाकून झाकून गार केलेलं. हे मोठ्या सिरिंजनं जखमेवर मारायचं. नुसतं ओतून चिकटलेली घाण निघत नाही आणि फार जोरानं मारलं तर ती आत घुसते. २० मिलिलिटरची सिरिंज आणि १८ नंबरची सुई हा मेळ बरा बसतो. सुई अंगाला टोचणार नाही एवढं अंतर ठेवा. सिरिंज नसेल तर सलाइनच्या प्लॅस्टिक बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बाटली दाबा. जखम घाण असेल तर लिटरभर मिठाच्या पाण्यात १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन १० मिलिलिटर मिसळा. रंग फिकट चहाचा आला पाहिजे. गडद म्हणजे जास्त गुणकारी असं नाही, गडद पाण्यानं नवं मांस जळतं. शेवटची धार पुन्हा नुसत्या मिठाच्या पाण्याची. आयोडीन, डेटॉल, साबण यांतलं काही मागे राहिलं तर मधाच्या कामात अडथळा येतो.

मग उजेडात निरखून बघा. लोंबणारं काळं-पांढरं मेलेलं मांस असेल तर ते डॉक्टरनं काढायचं. अळ्या पडल्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त. अळ्यांवर मध ओतणं म्हणजे त्यांना झाकण घालणं.

मध लावणं

मध थेट जखमेवर ओतलात तर तो ओघळून खुरावर येतो, मे महिन्याच्या ४५ अंशांत तर पाण्यासारखा. म्हणून मध पट्टीला लावायचा आणि पट्टी जखमेला. स्वच्छ ताटलीत निर्जंतुक जाळीपट्टीची घडी पसरा. १० बाय १० सेंटिमीटरच्या घडीला साधारण २० मिलिलिटर, म्हणजे जेवणाचा सव्वा चमचा मध लागतो. हातमोजा घालून किंवा आइस्क्रीमच्या काडीसारख्या सपाट, उकळलेल्या काडीनं तो कापडात जिरवा. घडी उचलल्यावर मधाची संथ धार सुटली तर मध जास्त झाला, आणि जाळीचे धागे कोरडे दिसत असतील तर कमी. जखमेत खड्डा असेल तर आधी त्यात थोडा मध पसरा, घडी आत ठासून कोंबू नका, सैल बसवा. घडी जखमेच्या कडेपलीकडे बोटभर जाऊ द्या, कारण सुजलेली कातडी कडेलाच असते.

मध आंबट असल्यानं पहिल्यांदा चुरचुरतो. घोडी पाय झटकते, शेपूट मारते, कान मागे टाकते. दोन-चार मिनिटांत शांत होते. लाथ बसते ती याच क्षणी, म्हणून डोकं धरणाऱ्याला ‘‘आता लावतोय’’ असं आधी सांगा.

मधावर माश्या, मुंग्या आणि कधी मधमाश्याही येतात. विदर्भात पट्टीशिवाय पायाला मध लावणं म्हणजे मुंग्यांना आमंत्रण. जखमेच्या कडेपासून बोटभर लांब, पट्टीच्या वरच्या टोकाभोवती कडुनिंबाचं तेल फिरवा. जखमेत ते जाता कामा नये.

पट्टी

मधाच्या घडीवर पाणी शोषणारा थर हवा. घाऊक मेडिकलमधला शोषक कापूस चालतो, आणि लहान मुलांचा डायपर तर फारच उत्तम. आकारानं घोडीच्या नळीला अगदी बसतो. आपल्या कापसाच्या मुलखात घरात सरकी काढलेला कापूस ढिगानं असतो आणि हात तिकडेच जातो. पण तो कापूस पाणी शोषत नाही आणि त्याचे तंतू जखमेत चिकटून बसतात. त्याला फक्त बाहेरच्या गादीत, जुन्या धुतलेल्या धोतराच्या घडीत गुंडाळून घ्या.

त्यानंतर गादी, निदान बोट-दीड बोट जाड. वरून जाळीची गुंडाळी, मग क्रेप किंवा चिकट लवचीक पट्टी. खालून सुरू करून वर जायचं, आणि प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्या वेढ्यावर. पायाच्या पट्टीचं खालचं टोक खुरापर्यंत न्या, नाहीतर पट्टीखालचा भाग सुजतो. गादी पातळ आणि ओढ जास्त झाली तर मागची शीर दबते आणि जखमेपेक्षा मोठं दुखणं उभं राहतं; वरच्या कडेला एक बोट जरा प्रयत्नानं शिरलं पाहिजे. प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवू नका, आत घाम कोंडून कातडी पांढरी पडते. पहिल्या रात्री घोडी पट्टी चावते का, त्या पायावर भार देते का, एवढं झोपण्याआधी एकदा जाऊन बघा.

पट्टी सोडल्यावर

पहिले तीन-चार दिवस रोज बदला. स्राव कमी झाला की दोन-तीन दिवसांनी. मधाची घडी स्रावानं भिजून पातळ झाली, पिवळसर पाणी बाहेरच्या थरापर्यंत आलं, की मध संपला असं समजून लगेच बदलायची. घडी चिकटली तर ओढू नका, मिठाच्या पाण्यानं भिजवून सोडवा. दर वेळी हलकं धुऊन नवा मध. जुन्या मधावर नवा थर चढवत गेलं की दोन दिवसांत सगळं आंबतं.

गोडसर वास, लाल दाणेदार तळ, कडेनं फिकट गुलाबी रेघ, हे सगळं चांगलं. दुर्गंधी, हिरवा पू, कडेला वाढत जाणारी गरम सूज, अचानक वाढलेलं लंगडणं, किंवा ताप, हे वाईट. घोड्याचं अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस आणि नाडी मिनिटाला २८ ते ४४. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा, दोरा बांधून शेपटीला अडकवून, आणि बाजूला उभं राहून.

मध किती दिवस? माझं मत असं की घाण जाऊन तळ लालबुंद दाणेदार झाला आणि कातडीच्या पातळीला आला, की मधाचं मुख्य काम झालं. बहुतेक पायांच्या जखमांत हे दोन-तीन आठवड्यांत होतं. पुढे डॉक्टर साधी न चिकटणारी पट्टी, नुसता दाब किंवा आणखी काही सांगतील. कडा पांढऱ्या, ओल्या, पिचलेल्या दिसल्या तर ओलावा जास्त होतोय. मध कमी करा आणि पट्टी लवकर बदला.

लाल मांस कातडीच्या वर फुगलं तर मध ते खाली बसवत नाही. त्यावर मोरचूद, चुना, तेजाब लावायची पद्धत आहे, ती सोडा. त्यानं मांस जळतं, त्याबरोबर कडेची नवी कातडीही जळते आणि जखम दर वेळी थोडी मोठी होते. डॉक्टर ते मांस पात्यानं सपाट कापतात. त्यात संवेदना नसते म्हणून दुखत नाही. रक्त मात्र खूप येतं, त्यामुळे हे घरी करायचं काम नाही.

पाठ लागलेली घोडी

खोगीर आणि तंगानं घासून झालेल्या जखमांना पट्टी टिकत नाही. तिथे धुऊन, कोरडं करून मधाचा पातळ थर दिवसातून दोनदा लावायचा आणि वर धुतलेली सैल चादर टाकायची. पण इथे खरं औषध विश्रांती आहे. लग्नसराईत घोडी रिकामी उभी करणं कुणालाच परवडत नाही, हे मान्य. तरी लागलेल्या पाठीवर मध लावून संध्याकाळी पुन्हा तेच खोगीर चढवलं तर दुसऱ्या दिवशीची जखम अधिक खोल असते. खोगीर उलटं करून त्याचा तळ हातानं चाचपा. घामानं कडक झालेली गादी, वर आलेली शिलाई, जरीच्या झुलीचा टोचणारा काठ, यांतलं काही तरी बरोबर जखमेच्या जागी सापडतं. बैलाच्या खांद्यालाही हेच लागू, तिथे जू तपासायचं.

जिथे मध लावायचाच नाही

पावसाळ्याच्या आसपास माश्या बसणाऱ्या जागी, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठाच्या कडेला, पायाच्या जुन्या जखमेत, खाजणारी, न भरणारी जखम होते आणि तीत तांदळाच्या कणीएवढे पिवळे दाणे निघतात. हे माशीनं सोडलेल्या जंताचं काम. त्याला जंताचं औषध लागतं, मध लावून महिना वाया जातो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पायाच्या आतल्या बाजूनं किंवा अंगावर ओळीनं गाठी उठतात, फुटतात आणि त्यांतून तेलकट, मधाच्याच रंगाचा पू येतो. सोबत नाकातून घट्ट शेंबूड, ताप, खंगणं. हा ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला लागतो आणि प्राणावर बेतू शकतो. अशा गाठींना उघड्या हातानं स्पर्श करू नका, धुऊ नका, घोडी बाकी जनावरांपासून वेगळी बांधा, तिची बादली आणि खरारा वेगळा ठेवा आणि सरकारी दवाखान्याला कळवा. २००९च्या जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार हे कळवणं बंधनकारक आहे. लपवून बाजारात विकलेली अशी घोडी पुढच्या गावातल्या मुलांना आजारी पाडू शकते.

पुन्हा कामावर

जखमेवर पूर्ण कातडी आल्यावरही ती काही महिने पातळ, बिनकेसांची आणि चकचकीत असते. जरा घासलं की फुटते. आधी आठवडा-दोन आठवडे मऊ जमिनीवर हातानं चालवा, मग रिकामं खोगीर, मग हलका माणूस. ट्रकमध्ये किंवा टेम्पोत चढवताना त्या पायाला गादीची पट्टी बांधाच, कारण फळीच्या कडेला तीच जागा लागते. डांबरी रस्त्यावर घोडी नाचवायची सुपारी सगळ्यांत शेवटी घ्या. आणि पडीत सोडण्याआधी धुऱ्यावरून एक फेरी मारून लोंबणारी तार ओढून घ्या, तुटलेले तुकडे गोळा करा. ती तार शेजाऱ्याची असेल तर त्यालाही सोबत घ्या.